दाव्याला बांधलेली कॅसेट

सरकारी भांडारात एकतीस वर्षं काढून सांबप्पा निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते की या माणसाच्या हाताखालून एक वायसरसुद्धा इकडचा तिकडे झाला नाही. साहेब त्या भाषणात बाकी पुष्कळ खोटं बोलले, पण हे वाक्य खरं होतं. म्हणूनच धनश्रीचा फोन आला आणि ती म्हणाली, "काका, कॅसेट तेवढी सांभाळा हं, अशा मेळाव्यांत डेमो चोरीला जातात," तेव्हा सांबप्पांना भीतीच्या आधी राग आला.

"चोरीला? माझ्या हातून?"

"तुमच्या हातून नाही हो काका, टेबलावरून. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका गावी दोन गेल्या. लोक खेळायला बसतात आणि उठताना कॅसेट खिशात."

धनश्री म्हणजे त्यांच्या मुलाची, शिवप्रकाशची, कॉलेजातली मैत्रीण. जुन्या व्हिडिओ गेमांचं वेड असलेली दहाबारा माणसं जमवून ती परभणीत, वसमत रोडच्या एका मंगल कार्यालयात, मेळावा भरवत होती. पंचवीस वर्षांपूर्वी टीव्हीला जोडायची ती यंत्रं, त्यांत खोचायच्या त्या कॅसेटी, ते वायरचे रिमोट, सगळं मांडायचं, आणि येईल त्यानं बसून खेळायचं. शिवाय एक टेबल नव्या खेळांचं. जुन्या यंत्रावर चालणारे खेळ आजही कुणीकुणी हौसेनं बनवतात म्हणे. पुरा झालेला नसला तरी झाला असेल तेवढा नमुना लोकांपुढं ठेवतात, त्याला डेमो म्हणतात. त्या टेबलावर शिवप्रकाशचा खेळ ठेवायचा होता.

शिवप्रकाश तीन वर्षांपूर्वी पुण्यात तापानं गेला. चार दिवसांत. लॅपटॉप कंपनीचा होता, तो कंपनीच्या माणसानं रीतसर पावती देऊन परत नेला. पावतीवर सांबप्पांनीच सही केली, भांडारपालाच्या वळणदार अक्षरात, आत काय आहे हे न विचारता. घरी आलं ते कपड्यांचं एक बोचकं, एक चादर आणि साबणाच्या वडीपेक्षा जराशी मोठी, करड्या रंगाची ती कॅसेट. खेळ त्यानं स्वतः केला होता आणि जगात त्याची तेवढी एकच प्रत होती. धनश्री म्हणायची, पुण्याला पाठवा, तिथं एकाकडं यंत्र आहे, आठ दिवसांत दुसरी प्रत निघेल. सांबप्पा म्हणायचे, पुण्याला एकदा पाठवलं तेवढं पुरे.

खेळ असा होता. एक बुटका, मिशीवाला माणूस. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो गोदामात इकडून तिकडे पळतो आणि नटबोल्ट तोंडात धरून पळणारे उंदीर पकडतो.

"हे तुमीच हायेत," पत्नी उमादेवी पहिल्यांदा बघताच म्हणाल्या.

"माझी मिशी येवढी न्हाई."

"होती."

पोराच्या लहानपणीचं यंत्र घरी होतंच. रोज संध्याकाळी पूजा आटोपली की सांबप्पा टीव्हीपुढं बसायचे आणि हातात रिमोट घ्यायचे. तीन वर्षं बसले. पहिला टप्पा कसाबसा पार व्हायचा. दुसऱ्या टप्प्यात तिसरा उंदीर सुटायचा आणि बुटका माणूस पाय वर करून आडवा पडायचा. ज्यांनी एकतीस वर्षांत उंदराला एक स्क्रू नेऊ दिला नाही, त्यांच्याच घरात हे रोज व्हायचं. पुढं काय होतं? गोदामाच्या पलीकडं पोरानं काय ठेवलंय? बटण दाबायला उशीर व्हायचा, डोळ्यांना पाणी यायचं, आणि शेवट काही दिसायचा नाही. मेळाव्याला ते हो म्हणाले ते यासाठी. कुणी तरबेज खेळणारा येईल, तो खेळ तडीस नेईल, आपण शेजारी बसून बघू. बस्स. पण त्यासाठी कॅसेट हातातून सोडायची, आणि सोडली की गेली, असं धनश्री म्हणायली होती.

आता अशी अडचण माणसानं मनातच ठेवावी. सांबप्पांनी ती ओट्यावर काढली.

शेजारचे माधवराव संस्कृतचे निवृत्त मास्तर. जगातला कुठलाही प्रश्न अर्जानं सुटतो यावर त्यांची श्रद्धा. त्यांनी तिथल्या तिथं पोलीस बंदोबस्ताचा अर्ज लिहून दिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत दोन पानं. त्यात कॅसेटीला एकदा 'पुत्रकृत क्रीडासाधन' असंही म्हटलं होतं.

ठाण्यातल्या हवालदारानं अर्ज दोनदा वाचला. "आप्पा, ही वस्तू चोरीला गेली का?"

"अजून न्हाई."

"मग तक्रार कशाची?"

"तक्रार न्हाई. जाऊ नये म्हणून हाय."

"जाऊ नये म्हणून असा रकानाच न्हाई आमच्याकडं." तरी माणूस भला. त्यानं कपाटातून पिवळा पडलेला एक छापील कागद काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि लिहायला घेतलं. "वस्तू, कॅसेट. रंग, करडा. किंमत?"

सांबप्पा त्या रकान्याकडं बघत राहिले.

"सांगा की. बाजारात काय येईल?"

"बाजारात मिळत न्हाई ती."

"मग कंपनीची पावती आना."

"कंपनीची न्हाई. पोरानं केलीय."

"मग पोराला इचारून या, त्यात काय."

सांबप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. जप्तीच्या मोटारसायकली ओळीनं उभ्या होत्या आणि एकीच्या सीटमधून गवत उगवलं होतं. "त्याला आता विचारता येत न्हाई," ते म्हणाले.

हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं एकदा वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. रकाना मोकळा सोडायची मुभा नव्हती, म्हणून बिचाऱ्यानं हळूच, बारीक अक्षरात लिहिलं: निरंक.

सांबप्पांनी स्वतःच्या नोकरीत हा शब्द हजार वेळा लिहिला असेल. शिल्लक निरंक, तूट निरंक, शेरा निरंक. त्या दिवशी ते ठाण्यापासून घरापर्यंत चालत आले. वाटेत दोन रिक्षावाल्यांनी हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही.

अर्ज फसल्यावर माधवरावांनी दुसरा उपाय काढला. "नाव घाला तिच्यावर. भांड्यांवर घालतो तसं. नाव असलं की चोराचा हात अडखळतो."

"आमच्या परातीवर नाव होतं की," उमादेवी आतून म्हणाल्या. "कुणाच्या तरी लग्नात गेली ती आली का माघारी?"

"वहिनी, नाव होतं म्हणून तर ती कुणाकडं आहे हे तुम्हांला ठाऊक आहे."

सांबप्पा कॅसेट रुमालात गुंडाळून भांड्यांच्या दुकानात गेले. दाराशी नावं घालणारा कारागीर बसला होता. समोर ताटल्यांची चळत, हातात दाढीच्या यंत्राएवढं मशीन. त्यानं कॅसेट उलटीपालटी केली, मांडीवर घेतली, काय नाव घालायचं ते विचारलं आणि मग मान खाली ठेवूनच, दिवसातून पन्नासदा विचारायचा तो प्रश्न विचारला.

"आधी चि. घालू का कै.?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो पुरता गेल्यावर सांबप्पा म्हणाले,

"नुसतं नाव घाल."

"नुसतं कसं, आप्पा? रिवाज हाय. कुणी बी बघितलं की कळाया पायजे."

"नुसतं घाल म्हणलं ना."

मशीन टर्रर्र करत सुरू झालं. 'शि' झाला, 'व' झाला. प्रत्येक अक्षराला कॅसेट कारागिराच्या मांडीवर अशी थडथडली की सांबप्पांच्याच दाढा हलल्या. घरी आणून यंत्रात घातली तर पडदा काळा. काढली, घातली, पुन्हा काळा. तेव्हा त्यांना कळलं की चोराची वाट न बघताच आपण आपल्या हातांनी, नाव घालून, पोराचा खेळ संपवून आलो. ते पलंगाच्या कडेला बसले आणि रुमालाच्या घड्या घालत राहिले. चार घड्या झाल्या की मोडायचे, पुन्हा घालायचे.

उमादेवींनी चुलीवरचं दूध उतरवलं, हात पुसले, कॅसेट घेतली. तिच्या तोंडाशी ओठ नेऊन, डोळ्यात कचरा गेलेल्या लेकराला घालावी तशी फुंकर घातली. पदराच्या टोकानं आतली पितळी दातरं पुसली. पुन्हा फुंकर. मग खोचली. पडद्यावर बुटका माणूस मिशीसकट उभा राहिला.

"यापुढं कुणाचं ऐकून हिला कुठं नेली तर बघा," त्या म्हणाल्या आणि दूध पुन्हा चुलीवर ठेवायला गेल्या.

सांबप्पांनी शब्द पाळला असता. पण समोरच्या दगडाबाईंचं ऐकायला कुठं जावं लागत नव्हतं, ते घरात ऐकू यायचं. दोन शेळ्या आणि एक आवाज एवढी त्यांची मिळकत. "अवं आप्पा, कामून येवढे बेजार व्हायलेत? माझी शेळी सुटली का आजवर? दाव्याला बांधा की!"

"टेबलाला बांधली आन टेबलच उचलून नेलं तर?"

"मग सोताच्या गळ्यात बांधून घ्या!" असं म्हणून दगडाबाई मनसोक्त हसल्या आणि शेळीला पाला टाकायला गेल्या.

सांबप्पा हसले नाहीत. त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला. तिथं चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. आठव्या वर्षी दीक्षेच्या दिवशी गळ्यात पडलेलं, ते बासष्ट वर्षांत एकदाही अंगावेगळं झालं नव्हतं. यात्रेच्या रेट्यात नाही, नदीत बुडता बुडता वाचले त्या दिवशी नाही, ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टर ओरडले तरी नाही. जन्मभरात आपल्याकडून कधीच न हरवलेली वस्तू कुठं असते, याचा त्यांना आजच पत्ता लागला.

"लिंगाच्या शेजारी खेळणं लटकवणार?" उमादेवी.

"दोरा वेगळा घेतो. लिंगाला शिवू देत न्हाई."

"लोक काय म्हणतील?"

"गेली तर काय म्हणतील?"

त्यांनी भांडारात असायची तसली जाड सुतळी काढली. मोहरबंद पार्सलाला बांधायचे तशी कॅसेट उभीआडवी बांधली, यंत्रात जायचं तोंड तेवढं मोकळं ठेवलं आणि वर भांडारातली ती गाठ मारली, जिला सुटायची सोयच नसते. मग खुर्चीत बसून, नोकरीत बसायचे तसे ताठ बसून, यंत्रापासून गळ्यापर्यंतचं माप घेतलं. वीतभर जास्त नाही, वीतभर कमी नाही. माप अचूक होतं. फक्त ते ताठ बसलेल्या माणसाचं होतं.

मेळाव्याच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारावर आदल्या लग्नाची कमान तशीच होती. नव्या खेळांचं टेबल धनश्रीनं स्टेजवर मांडलं होतं आणि रिकामी खुर्ची एकच होती, नवरदेवाची. त्या सोनेरी खुर्चीत सांबप्पा बसले, धुतलेलं धोतर, कपाळाला भस्म, आणि गळ्यातून निघून यंत्रात शिरलेली सुतळी.

पहिलाच आलेला कॉलेजकुमार मित्राला म्हणाला, "आयला, काकांना चार्जिंगला लावलंय काय?"

हॉल हसला. सांबप्पांनी ते वायसरसारखं मोजून आत ठेवून दिलं. दोघातिघांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. एका बाईंनी विचारलं, हा पण खेळातलाच भाग का? जरा उठायचं म्हटलं तर खेळ बंद पाडून कॅसेट सोबत न्यावी लागायची, म्हणून सकाळपासून ते पाण्याचा घोट प्यायले नव्हते.

पण खेळणारे खरंच तरबेज होते. तिसऱ्या चौथ्या पोरानं दुसरा टप्पा असा पार केला की जसे काही ते उंदीर त्याच्याच घरचे. पडदा बदलला. सांबप्पांनी तीन वर्षांत न बघितलेलं उघडलं. बुटक्या माणसानं गोदामाला कुलूप लावलं, कुलूप दोनदा ओढून बघितलं, अगदी दोनदा, आणि तो रस्त्याला लागला. रस्त्यावर एक लिंबाचं झाड होतं. झाडाखाली...

झाडाखाली काय आहे ते बघायला सांबप्पा पुढं वाकले. सुतळी ताणली, कॅसेट हलली, आणि पडदाभर रंगीत रेघा.

"आरारारा!" सगळा हॉल.

दुसऱ्यांदा झाड पार झालं, लाल एस.टी. दिसली, आणि त्यांना शिंक आली. तिसऱ्यांदा त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि नुसती मान पुढं गेली. तेवढी पुरली. माधवराव आले होते, ते मागं उभे राहून त्यांचे खांदे धरून ठेवू लागले. एस.टी. फाट्यावर थांबली, बुटका माणूस उतरला, आणि माधवराव स्वतःच "अहो, हा तर आपला फाटा!" म्हणत सांबप्पांना घेऊन पुढं झुकले.

रेघा.

एकेक जण रिमोट ठेवून दुसऱ्या टेबलांकडं गेला. दुपारपर्यंत स्टेजवर एकटा पंडित उरला. हा पूर्णा जंक्शनला रेल्वेचे सांधे बदलणारा पॉइंट्समन, वय पस्तीस, पंजे फावड्यासारखे. लहानपणी भाड्याच्या गेमवर दुपारच्या दुपारी घालवलेला गडी. तो तीनदा गावाच्या वेशीपर्यंत पोचला आणि तिन्हीदा सांबप्पांनी त्याला वेशीवरून परत आणलं. त्यानं रिमोट मांडीवर ठेवला.

"काका, राग मानू नका. एक इचारू?"

"विचार."

"सकाळधरनं चोर किती आले?"

"एक न्हाई."

"आन खेळ किती बार बंद पडला?"

सांबप्पांनी मोजलं होतं. ती त्यांची सवयच. "सात."

"कुणी पाडला?"

एकतीस वर्षांत त्यांच्या भांडाराची सहा वेळा तपासणी झाली होती. सहाही तपासण्यांत त्यांनी साहेबाच्या डोळ्याला डोळा देऊन उत्तरं दिली होती. आज त्यांनी धोतराच्या काठाकडं बघितलं.

"गेली तर?" ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की पंडितला पुढं वाकावं लागलं. "लॅपटॉप मीच दिला, बाबा. सही करून दिला. आता येवढंच हाय."

पंडितनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, "माझ्या गाडीला अजून दोन घंटे हायेत. तवर हितनं हालत न्हाई. कॅसेटीवर माझी नजर, पडद्यावर तुमची."

सांबप्पांनी गळ्यातल्या गाठीला नखं लावली. गाठ सुटेना. कशी सुटेल? ती त्यांनीच मारली होती. धनश्रीनं कात्री आणली आणि ती त्यांच्यापुढं धरून उभी राहिली. त्यांचा हात काही पुढं होईना. तेवढ्यात उमादेवी डबा घेऊन आल्या. सकाळपासून उपाशी असणार हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी सोनेरी खुर्ची बघितली, सुतळी बघितली, नवऱ्याचं तोंड बघितलं. डबा खाली ठेवला, धनश्रीच्या हातातली कात्री घेतली. इष्टलिंगाचा दोरा बोटानं अलगद बाजूला धरला आणि सुतळी कापली.

"आता वाका हवं तेवढं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीच्या हातावरच टेकल्या.

पंडितनं खेळ पहिल्यापासून लावला. उंदीर धरले. कुलूप लागलं, दोनदा ओढलं गेलं. लिंबाच्या झाडाखाली एक कुत्रं निजलं होतं, एवढंच होतं तिथं. लाल एस.टी. आली, फाटा आला. वेस आली. सांबप्पा वाकत गेले, वाकत गेले, शेवटी गुडघ्यांवर कोपरं टेकून पार टीव्हीच्या काचेशी गेले, आणि पडद्यावर एक रेघ हलली नाही. बुटका माणूस एका बोळात शिरला. बोळाच्या टोकाला चार ठिपके रुंद आणि सहा ठिपके उंच एवढं एक दार होतं. त्यानं कडी वाजवली. दार उघडलं आणि पडदा निळा झाला.

निळ्यावर पांढरी अक्षरं उमटायला लागली. एकेक, हळूहळू. त्या जुन्या यंत्राला आपली अक्षरं येत नाहीत. पोरानं ती ठिपका ठिपका जोडून हातानं काढली होती. वेलांट्या वाकड्या होत्या आणि एक काना ओळीच्या बाहेर गेला होता.

सांबप्पांच्या चष्म्याला काही दिसेना. शिवप्रकाशचा पुण्याहून फोन आला की तो नेहमी उमादेवीच घ्यायच्या, आणि सांबप्पा शेजारून विचारायचे, तसंच त्यांनी विचारलं.

"काय म्हणायलाय?"

उमादेवींनी ओठ हलवत एकदा मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. "'इथपर्यंतच झालंय.'" त्या थांबल्या. खाली हॉलमध्ये बाकीची यंत्रं टुणटुण वाजत होती. "'पुढचं करायलोय.'"

पंडितनं रिमोट टेबलावर ठेवला, आवाज होऊ न देता.

"पुढचं करायलाय म्हणे अजून," उमादेवी म्हणाल्या.

सांबप्पांनी मान हलवली. "करू दे," ते म्हणाले. "घाई करू नको म्हणावं."